'जण' आणि 'नग' : प्रीमो लेवी यांच्या साक्षलेखनातील अमानवीकरणाचा विचार

सारांश

वंशसंहारापूर्वी बळींचे अमानवीकरण होते आणि त्यामुळे हत्या सुकर होते, असे सामान्यतः मानले जाते. इटालियन लेखक प्रीमो लेवी यांच्या ऑश्विट्झविषयक लेखनाचे बारकाईने वाचन केल्यास या गृहीतकाची फेरतपासणी करावी लागते. लेवी यांच्या साक्षीनुसार अमानवीकरण ही हत्येपूर्वीची केवळ धारणा नसून ते रोज करावे लागणारे एक काम आहे. समोरची व्यक्ती माणूस आहे, हे करणाऱ्याला ठाऊक असते म्हणूनच ते करावे लागते. प्रस्तुत निबंधात लेवी यांच्या लेखनातील भाषा, वस्तू आणि नजर या तीन अंगांनी या विचाराची चिकित्सा केली असून त्यांच्या लेखनाच्या मर्यादांचाही परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : वंशसंहार, अमानवीकरण, साक्षलेखन, छळछावणी, प्रीमो लेवी.

प्रस्तावना

'वंशसंहार' या अर्थाची पाश्चात्त्य संज्ञा फार जुनी नाही. पोलिश-ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वंशवाचक ग्रीक शब्द आणि हत्यावाचक लॅटिन शब्द यांचा संयोग करून ती घडविली. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार संमत केला आणि १२ जानेवारी १९५१ पासून तो अमलात आला. या करारात एखादा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा 'हेतू' मध्यवर्ती मानलेला आहे. हेतू सिद्ध करणे हे कायद्याचे काम होय. परंतु तो हेतू साध्या, संसारी, नोकरदार माणसांच्या हातून दैनंदिन कृतीत कसा उतरतो, हे कायदा सांगू शकत नाही. त्यासाठी साक्षलेखनाकडे वळावे लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर समाजशास्त्रात आणि सामान्य बोलण्यातही रूढ आहे. आधी शत्रूला माणूस मानणे थांबते, त्याला किडा, उंदीर वा रोगजंतू म्हटले जाते आणि मग त्याला मारताना हात कचरत नाही, असे ते उत्तर होय. त्यात तथ्य आहे. परंतु त्यातील कालक्रम आणि कार्यकारणभाव दोन्ही तपासून पाहण्याजोगे आहेत. मारणाऱ्याच्या मनातून बळीचे माणूसपण खरोखरच पुसले गेले असेल, तर त्या बळीचा अपमान करण्याची गरज का भासावी? उंदराला कोणी अपमानित करीत नाही, ढेकणाला कोणी लाजवीत नाही. लेवी यांच्या लेखनातून हा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो.

लेखक आणि ग्रंथ

प्रीमो लेवी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी तुरीन येथे झाला. १९३८ मध्ये इटलीत वांशिक कायदे लागू झाले तरी आधीच प्रवेश घेतला असल्याने त्यांना शिक्षण पूर्ण करता आले आणि १९४१ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी मिळविली. डिसेंबर १९४३ मध्ये फॅसिस्ट सैनिकांनी त्यांना पकडले. फोसोली येथील छावणीतून २२ फेब्रुवारी १९४४ रोजी निघालेल्या गाडीने त्यांना ऑश्विट्झला नेण्यात आले. त्या गाडीत ६५० माणसे होती. त्यांपैकी ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया कामासाठी छावणीत घेतल्या गेल्या. उरलेल्यांची थोड्याच अवधीत हत्या झाली. लेवी यांना मोनोवित्झ येथील श्रमछावणीत, 'बुना' या कृत्रिम रबराच्या कारखान्याच्या उभारणीवर राबविण्यात आले. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजा तेथे पोहोचल्या. प्रदीर्घ भटकंतीनंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये लेवी तुरीनला परतले.

त्यांचे पहिले पुस्तक 'इफ धिस इज अ मॅन' या इंग्रजी नावाने ओळखले जाते. 'हा जर माणूस असेल' असा त्या नावाचा अर्थ आहे. एका नामवंत प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित नाकारल्यानंतर १९४७ मध्ये एका लहान प्रकाशकाने त्याच्या २,५०० प्रती काढल्या. ज्या संस्थेने ते नाकारले होते तिनेच १९५८ मध्ये त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे या ग्रंथाचे मोल सर्वदूर ओळखले गेले. १९६३ मध्ये परतीच्या प्रवासावरील 'द ट्रूस' आणि १९८६ मध्ये 'द ड्राउन्ड अँड द सेव्ह्ड' हा चिंतनपर निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला. या शेवटच्या शीर्षकाचा अर्थ 'बुडालेले आणि तरलेले' असा सांगता येईल. पहिल्या पुस्तकातील अनुभव चाळीस वर्षांनंतर पुन्हा तपासून पाहणारा हा ग्रंथ आहे. त्यामुळे ही दोन पुस्तके एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

लेवी यांची शैली संयत आहे. कारखान्यात दर आठवड्याला लिहिल्या जाणाऱ्या अहवालाचा नमुना आपल्यासमोर होता, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले होते. या शैलीत आक्रोश नाही आणि विशेषणांची गर्दीही नाही. न्याय देणे वाचकाकडे सोपवून साक्षीदाराने आपले काम करावे, अशी त्यामागील भूमिका आहे. ही संयतता केवळ स्वभावाची की विचाराची, या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात मिळेल.

भाषेतून घडणारे अमानवीकरण

मराठीत माणसे मोजण्याची रीत वेगळी आहे. माणसे 'दोघे', 'तिघे', 'चौघे' असतात, 'पाच जण' असतात. वस्तू मात्र 'नग' म्हणून मोजल्या जातात. एखाद्या इसमाला 'नग' म्हटले तर त्यात थट्टा तरी असते किंवा तुच्छता तरी. जर्मन भाषेतही वस्तूंच्या मोजणीसाठी असाच एक शब्द आहे. फोसोली येथून निघताना झालेल्या हजेरीच्या वेळी कनिष्ठ अधिकाऱ्याने वरिष्ठाला तोच शब्द वापरून ६५० 'नग' असल्याचे कळविले, याची नोंद लेवी यांनी पहिल्याच प्रकरणात केली आहे. अधिकाऱ्याच्या सुरात क्रोध नव्हता, द्वेषही नव्हता. माल चोख असल्याची ती एक नेहमीची नोंद होती. लेवी यांच्या पुस्तकातील अमानवीकरणाचा आरंभ अशा रीतीने हिशेबाच्या भाषेतून होतो.

पुढे छावणीत क्रियापदही बदलते. जर्मन भाषेत माणसाच्या खाण्यासाठी आणि जनावराच्या खाण्यासाठी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. मराठीतही माणूस 'जेवतो' आणि गुरे 'चरतात'. छावणीत कैद्यांच्या जेवणासाठी सर्रास जनावराचे क्रियापद वापरले जाई, असे लेवी यांनी १९८६ च्या ग्रंथातील संज्ञापनावरील निबंधात नमूद केले आहे. त्याहून विदारक बाब अशी की कैदीही आपसात तेच क्रियापद वापरू लागले होते. त्याच निबंधात माउटहाउझेन छावणीतील रबरी दंडुक्याला 'दुभाषा' म्हटले जाई, याचा उल्लेख येतो. ज्याला भाषा कळत नाही त्याला दंडुका समजावून सांगतो, असा त्याचा अर्थ. बोलून सांगणे ही माणसामाणसांतील रीत आहे. ती मोडून तिच्या जागी दंडुका आला आणि त्याला पुन्हा बोलण्याच्याच क्षेत्रातील नाव दिले गेले.

नावाचा प्रश्न त्याहून मूलगामी आहे. ऑश्विट्झमध्ये कैद्याच्या हातावर क्रमांक गोंदला जाई. लेवी यांचा क्रमांक १७४५१७ होता. भाकरी आणि सूप मिळविण्यासाठी तो दाखवावा लागे. परंतु नावावरील आक्रमण छावणीच्या कितीतरी आधी, कायद्याच्या मार्गाने सुरू झाले होते. ऑगस्ट १९३८ मधील जर्मन आदेशान्वये, ज्या ज्यूंची नावे शासनाने ठरविलेल्या यादीतील नव्हती त्यांच्यावर १ जानेवारी १९३९ पासून जादा नाव धारण करण्याची सक्ती झाली. पुरुषांनी 'इस्राएल' आणि स्त्रियांनी 'सारा' हे नाव जोडावयाचे होते. जर्मन भाषाभ्यासक व्हिक्टर क्लेम्परर यांनी नाझी राजवटीतील भाषेचा जो अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही विष भाषेतून थेंबाथेंबाने कसे भिनले याचे तपशील आहेत. क्लेम्परर यांना ज्यू वंशामुळे १९३५ मध्ये ड्रेस्डेन येथील प्राध्यापकपदावरून काढण्यात आले होते. लेवी आणि क्लेम्परर यांची पुस्तके एकाच वर्षी, एकमेकांशी कसलाही संबंध नसताना प्रसिद्ध झाली आणि दोहोंनी भाषेलाच पुराव्याचे स्थान दिले, ही बाब लक्षणीय आहे.

येथे एक विसंगती दिसून येते. प्रचारात ज्यूंना किडे वा उंदीर म्हटले गेले, पण उंदरांसाठी कोणी नावाचा कायदा करीत नाही. ज्याचे नाव बदलण्यासाठी राजपत्र काढावे लागते, तो माणूस आहे हे त्या राजपत्रानेच मान्य केलेले असते.

चमचा : निरुपयोगी हिंसेचा पुरावा

१९८६ च्या ग्रंथात 'निरुपयोगी हिंसा' या विषयावर एक स्वतंत्र निबंध आहे. ज्या क्रौर्याने युद्धाला, उत्पादनाला, एवढेच काय पण हत्येच्या योजनेलाही काही लाभ होत नव्हता, त्याची लेवी यांनी त्यात एका रसायनशास्त्रज्ञाच्या काटेकोरपणे छाननी केली आहे. त्यातील चमच्याचे उदाहरण फार बोलके आहे. नव्या कैद्याला छावणीत चमचा दिला जात नसे. पातळ सूप कुत्र्याप्रमाणे चाटून प्यावे लागे. चमचा हवा असल्यास भाकरीच्या मोबदल्यात छावणीच्या चोरट्या बाजारात तो मिळवावा लागे. हा टंचाईचा परिणाम असेल असे कोणालाही वाटेल. परंतु छावणी मुक्त झाल्यावर तिच्या कोठारात हजारो नवेकोरे प्लास्टिकचे चमचे आणि कैद्यांच्या सामानातून काढून घेतलेले ॲल्युमिनियम, पोलाद, इतकेच नव्हे तर चांदीचेही चमचे हजारोंच्या संख्येने पडलेले आढळले. चमचे होते, पण द्यावयाचे नव्हते.

या एका तपशिलाने रूढ उपपत्तीला तडा जातो. समोरचा प्राणी माणूस नाही असा ठाम विश्वास असता तर तो कशाने खातो याची फिकीर कोणी केली नसती. चमचा हिरावून घेण्यात, चमच्याने खाणारा माणूस समोर आहे याची जाणीव गृहीत आहे. माणसाला चाटावयास लावल्यानंतरच तो जनावरासारखा 'दिसतो' आणि मग त्या दिसण्यालाच पुरावा मानले जाते. धारणेतून कृती निघण्याऐवजी येथे कृतीतून धारणा तयार केली जाते.

हा अन्वयार्थ केवळ तर्काचा नाही. त्याला मारेकऱ्यांच्या बाजूनेही पुष्टी मिळते. ट्रेब्लिंका छावणीचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल याला १९७० मध्ये जन्मठेप झाली. पत्रकार गिटा सेरेनी यांनी १९७१ मध्ये तुरुंगात त्याच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि त्यांवर आधारित पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. शेवटी मारावयाचेच होते तर इतकी मानहानी कशासाठी, असे सेरेनी यांनी त्याला विचारले. ज्यांना प्रत्यक्ष हे काम करावे लागे त्यांची मने त्यासाठी घडविण्याकरिता, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. लेवी यांनी आपल्या निबंधात या उत्तराचा आधार घेऊन निष्कर्ष काढला आहे की वरकरणी निरुपयोगी भासणाऱ्या हिंसेचा एकमेव उपयोग हाच होता. बळीला आधी हीन केले की मारणाऱ्याला अपराधाचे ओझे कमी जाणवते.

श्टांगलच्या जबानीतील आणखी एक तपशील या संदर्भात महत्त्वाचा आहे. बळी आपल्याला 'माल' वाटू लागले होते, हे त्याने मान्य केले. असे केव्हापासून वाटू लागले, यावर त्याने ट्रेब्लिंकातील प्रेतांनी भरलेले खड्डे प्रथम पाहिल्याच्या दिवसाची आठवण सांगितली. श्टांगल हा आपला बचाव करू पाहणारा साक्षीदार असल्याने त्याचे बोलणे सावधपणेच घ्यावयास हवे. तरीही त्याने सांगितलेला क्रम विचारात घेण्याजोगा आहे. प्रेते आधी आली, 'माल' ही धारणा नंतर.

फसवणुकीत दडलेली कबुली

लेवी यांचे लेखन वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते आणि त्यांनी स्वतःच ती वारंवार सांगितली आहे. ऑश्विट्झमध्ये सुमारे ११ लक्ष माणसे मारली गेली, त्यांतील सुमारे दहा लक्ष ज्यू होते. त्यांपैकी बहुसंख्यांच्या हातावर क्रमांक गोंदलाच गेला नाही. गाडीतून उतरल्यावर काही तासांतच त्यांचा अंत झाला. म्हणजे क्रमांक, उपासमार आणि चमचा यांतून घडलेले दीर्घ अमानवीकरण तात्पुरत्या जगू दिलेल्यांच्या वाट्याला आले. मग उरलेल्यांचे काय?

त्यांच्या बाबतीत मुख्य साधन फसवणूक हे होते. त्यांना स्नान आणि निर्जंतुकीकरण होणार असल्याचे सांगितले जाई. कपडे काढून ठेवण्याची व्यवस्था होती. ट्रेब्लिंकात तर रंगविलेल्या घड्याळासह एका खोट्या रेल्वेस्थानकाचा देखावा उभारण्यात आला होता. या साऱ्या योजनेमागे सुरळीतपणाचा विचार होता, हे उघड आहे. परंतु तिच्यात एक कबुलीही आहे. शब्दाने आणि आश्वासनाने ज्याला फसवता येते, घड्याळ पाहून ज्याला धीर येतो, तो माणूसच असतो. हत्येची यंत्रणा बळींच्या माणूसपणाचा क्षणाक्षणाला उपयोग करून घेत होती आणि त्याच वेळी ते नाकारीतही होती. या दुटप्पीपणाखेरीज ती यंत्रणा चाललीच नसती.

नजर आणि हात

पहिल्या पुस्तकातील रसायनशास्त्राच्या परीक्षेचे प्रकरण या दृष्टीने मध्यवर्ती मानावे लागते. कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी कैद्यांतून रसायनज्ञ निवडावयाचे असतात. डॉक्टर पानविट्झ नावाचा अधिकारी लेवी यांची तोंडी परीक्षा घेतो. प्रश्न विद्यापीठातल्यासारखेच आहेत. परीक्षार्थ्याला आपले विस्मरणात गेलेले ज्ञान परत येत असल्याचा अनुभव येतो. तरीही परीक्षक त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतो ती दोन माणसांमधली नजर नाही. मत्स्यालयाच्या काचेआडून भिन्न सृष्टीतील जीवाकडे पाहावे तशी ती आहे. या नजरेचे सार आपल्याला नेमके सांगता आले असते तर त्या राजवटीच्या वेडेपणाचे सार सांगता आले असते, असा अभिप्राय लेवी देतात.

या प्रसंगातील अंतर्विरोध सूक्ष्म आहे. पानविट्झला लेवी यांचे ज्ञान हवे आहे. ज्ञान केवळ माणसापाशी असते. म्हणजे परीक्षा घेणे हीच माणूसपणाची मान्यता आहे आणि नजर मात्र ती नाकारते. परीक्षेनंतर परतताना ॲलेक्स हा कैद्यांतूनच नेमलेला मुकादम आपला वंगणाने माखलेला हात लेवी यांच्या खांद्यावर पुसतो. त्यात द्वेष नाही, हेटाळणीचा उद्देशही नाही. जवळ फडके नव्हते, खांदा होता. लेवी यांनी पुढे याच एका कृतीवरून ॲलेक्सला, पानविट्झला आणि त्यांच्यासारख्या असंख्यांना दोषी ठरविले आहे. मारहाणीपेक्षा हात पुसण्याला अधिक गंभीर गुन्हा मानणारी ही न्यायदृष्टी लेवी यांच्या लेखनाचा गाभा आहे. मार देणारा निदान समोर कोणी तरी आहे हे मानतो. हात पुसणाऱ्याला समोर फडके दिसते.

लेखनातील मर्यादा : शून्य-अठरा आणि हुर्बिनेक

लेवी यांच्या लेखनाचा गौरव करताना त्यातील अडचणीच्या जागा टाळणे योग्य होणार नाही. पहिल्या पुस्तकात एक तरुण कैदी आहे. त्याला सारे त्याच्या क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांनी, म्हणजे 'शून्य-अठरा' असे संबोधतात. नाव धारण करण्यास केवळ माणूसच पात्र आणि हा आता माणूस उरला नाही, अशी सर्वांची धारणा असल्याचे लेवी लिहितात. ओझी वाहताना त्याच्यासोबत काम करावयास कोणी तयार नसते, लेवीही नसतात. पुस्तकातही तो अखेरपर्यंत 'शून्य-अठरा'च राहतो. छावणीने हिरावलेले नाव लेखकालाही परत देता आलेले नाही. शक्तिहीन होऊन मृत्यूकडे सरकणाऱ्या कैद्यांचे वर्णनही पहिल्या पुस्तकात चेहरा नसलेल्या समूहाचे म्हणून येते. येथे लेखकाची नजर छावणीच्या नजरेच्या धोकादायकरीत्या जवळ जाते, असा आक्षेप घेता येईल.

हा आक्षेप खोडून काढण्यापेक्षा त्याचे मोल ओळखणे श्रेयस्कर ठरेल. ही जवळीक लेवी लपवीत नाहीत. अमानवीकरणाची लागण बळींच्या परस्पर संबंधांतही होते, तरलेल्याच्या नजरेतही ती उरते, हे ते स्वतःच्या उदाहरणाने दाखवितात. १९८६ च्या ग्रंथातील 'करड्या प्रदेशा'ची कल्पना याच जाणिवेतून आलेली आहे. बळी आणि मारेकरी यांच्यामधला हा प्रदेश यंत्रणेने हेतुतः निर्माण केला आणि त्यात अडकलेल्यांचा न्याय करण्याची घाई करू नये, असे लेवी बजावतात. खरे साक्षीदार बुडालेले आहेत, तरलेले नव्हेत, हा त्यांचा निष्कर्षही याच आत्मपरीक्षणातून आला आहे.

'द ट्रूस' मधील हुर्बिनेकचे प्रकरण त्या दृष्टीने 'शून्य-अठरा'चे उत्तर म्हणून वाचता येते. हुर्बिनेक हा सुमारे तीन वर्षांचा मुलगा. त्याचे पाय लुळे होते. त्याला बोलावयास कोणी शिकविलेले नव्हते. 'हुर्बिनेक' हे नावही छावणीतल्याच कोणीतरी त्याला दिलेले. पंधरा वर्षांचा हेनेक हा हंगेरियन मुलगा त्याची सेवा करीत असे. हुर्बिनेक एक शब्द उच्चारू लागला, पण अनेक भाषा जाणणाऱ्या त्या बराकीत तो कोणालाच उलगडला नाही. मार्च १९४५ च्या आरंभी, छावणी मुक्त झाल्यानंतर, तो मरण पावला. त्याच्या इवल्या हातावरही क्रमांक गोंदलेला होता. त्याचे अस्तित्व आता आपल्या या शब्दांतूनच साक्ष देते, असे लेवी सांगतात. नाव नसलेल्याला मिळालेले उसने नाव जपणे, हेच येथे लेखनाचे कार्य ठरते. लेवी यांची संयत, तपशीलनिष्ठ शैली केवळ स्वभावाची नाही, हे येथे स्पष्ट होते. 'नग' म्हणून मोजलेल्यांना पुन्हा एकेक करून 'जण' म्हणून मोजण्याची ती पद्धत आहे.

अन्य उदाहरणांच्या आधारे पडताळणी

लेवी यांचा विचार एका छावणीपुरता मर्यादित आहे काय, हे पाहण्यासाठी दोन निराळ्या घटनांचा विचार उपयुक्त ठरेल. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधील युझेफूफ या गावी जर्मन राखीव पोलीस दलाच्या १०१ व्या तुकडीने सुमारे १,५०० ज्यूंना गोळ्या घातल्या. इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये या तुकडीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. हे पोलीस मुख्यतः हॅम्बुर्गमधील मध्यमवयीन, सामान्य नागरिक होते. त्यांच्या प्रमुखाने हुकूम सांगताना अश्रू ढाळले आणि ज्यांना हे काम जमणार नाही त्यांना बाजूला होण्याची मुभा दिली. प्रारंभी जेमतेम डझनभर पोलीस पुढे आले. उरलेल्यांपैकी अनेकांना त्या दिवशी शिसारी आली, रात्री मद्याचा आधार घ्यावा लागला. आपण माणसे मारीत आहोत हे त्यांना ठाऊक होते. पुढील महिन्यांत मात्र सरावाने हात निर्ढावले. येथेही सराव आधी आणि बधिरता नंतर असाच क्रम आढळतो.

दुसरे उदाहरण रवांडाचे. एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत तेथे अंदाजे आठ लक्ष माणसे, मुख्यतः तुत्सी, मारली गेली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या एका खासगी नभोवाणी केंद्रावरून तुत्सींना झुरळ म्हटले जाई. त्या केंद्राशी निगडित व्यक्तींना आणि एका वृत्तपत्राच्या संपादकाला डिसेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरविले. शब्दांचे हे सामर्थ्य नाकारता येणार नाही. परंतु तेथे मारणारे आणि मरणारे एकाच टेकडीवरचे शेजारी होते आणि एकाच चर्चमध्ये जाणारे होते. त्यांना एकमेकांची नावे ठाऊक होती. रस्त्यावरील तपासणीत मात्र ओळखपत्र मागितले जाई, कारण कोण तुत्सी हे अनेकदा पाहून कळत नसे. वांशिक नोंद असलेली ही ओळखपत्रे बेल्जियन वसाहतकाळात १९३० च्या दशकात आली होती. झुरळ ओळखण्यासाठी कोणालाही ओळखपत्र पाहावे लागत नाही. प्रचारातील शब्द आणि प्रत्यक्षातील जाणीव यांमधील हे अंतर लेवी यांच्या निरीक्षणाशी जुळते.

या दोन्ही घटना ऑश्विट्झहून फार वेगळ्या आहेत आणि त्यांची सरसकट तुलना गैर ठरेल. तथापि बळीच्या माणूसपणाचे ज्ञान आणि त्याचा नकार हे दोन्ही एकाच वेळी नांदतात, एवढे सूत्र तिन्हीकडे समान दिसते.

विशेषणांचा मोह

या विवेचनातून मराठी वाचक व अभ्यासक यांच्यासमोर भाषेचा एक प्रश्न उभा राहतो. वंशसंहाराविषयी लिहिताना 'पाशवी', 'राक्षसी', 'नराधम' ही विशेषणे लेखणीतून सहज उतरतात. त्यांमागचा संताप रास्त आहे. पण मारणाऱ्याला पशू वा राक्षस म्हटल्याने तो माणसांच्या पंगतीतून उठविला जातो आणि वाचक निश्चिंत होतो. त्याचा आपला काही संबंध नाही, कारण तो आपल्या जातकुळीचाच नाही, अशी सोय त्यातून होते. लेवी यांनी १९७६ मध्ये आपल्या पहिल्या पुस्तकाच्या शालेय आवृत्तीला जोडलेल्या परिशिष्टात याविषयी इशारा दिला आहे. राक्षस असतात, पण ते संख्येने इतके थोडे असतात की त्यांचा खरा धोका नसतो. खरा धोका विचार न करता हुकूम पाळणाऱ्या सामान्य माणसांचा आहे, असा त्याचा आशय आहे. शिवाय पशू असे कृत्य करीत नाहीत. चमचे कोठारात ठेवून सूप चाटावयास लावणे हे केवळ माणसालाच सुचू शकते.

समारोप

वंशसंहाराच्या प्रक्रियेत अमानवीकरण ही मारणाऱ्याच्या मनातील पूर्वतयार धारणा असते, हे मत लेवी यांच्या साक्षीच्या प्रकाशात अपुरे ठरते. हिशेबाचे शब्द, जनावराचे क्रियापद, नावाऐवजी क्रमांक, न दिलेला चमचा आणि खांद्यावर पुसलेला हात अशा लहान कृतींतून ते रोज नव्याने करावे लागते. त्यासाठी कारकून लागतात, राजपत्रे लागतात, कोठारे लागतात. बळीचे माणूसपण ठाऊक नसते तर यांतील कशाचीच गरज भासली नसती. म्हणूनच 'आम्हाला ते माणूस वाटतच नव्हते' हा बचाव ग्राह्य धरता येत नाही.

या आकलनाला एक आशेची बाजूही आहे. जे रोज करावे लागते ते रोज नाकारताही येते. सुमारे सहा महिने लोरेंझो नावाचा एक इटालियन गवंडी आपल्या वाट्यातील अन्न लेवी यांना गुपचूप पोहोचवीत होता. त्याने मोबदला घेतला नाही, भाषण केले नाही. त्याच्यामुळे आपण स्वतः माणूस आहोत हे विसरलो नाही, असे लेवी यांनी लिहून ठेवले आहे. हजारो चमचे कोठारात कुलूपबंद होते त्याच परिसरात एक गवंडी सूपाचे भांडे घेऊन येत होता.